चार रिमोट, एक रिमोट आणि पॉवर बटणाचा घोळ

युनिव्हर्सल रिमोट आणायला कोल्हापुरात राजारामपुरीकडे गाडी काढण्याआधी घरातले सगळे रिमोट टीपॉयवर ओळीनं मांडा. चार तरी निघतातच: टीव्हीचा, केबलच्या नाहीतर डिशच्या बॉक्सचा, होम थिएटरचा आणि फायर टीव्ही स्टिकचा. आता खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून एकेक बटण दाबत जा. पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर ते बटण इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतं. (मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचा.) ठिपका दिसला नाही, तर एकतर सेल संपलेत किंवा ते बटण ब्लूटूथवर बोलतं. ब्लूटूथवर बोलणारं बटण साधा युनिव्हर्सल रिमोट जन्मात शिकणार नाही.

स्टिकच्या रिमोटवर हे दोन्ही एकाच अंगावर नांदतात. टीव्हीसाठी लावून ठेवलेली पॉवर आणि आवाजाची बटणं चमकतील, बाण आणि होम अंधारात राहतील. नव्या अँड्रॉइड टीव्हींचंही तेच. तिथे मात्र हात टेकायचं कारण नाही, कारण टीव्हीच्या पुढच्या पट्टीत इन्फ्रारेडचा डोळा बहुतेक वेळा असतोच. सोबत आलेला रिमोट त्याच्याशी ब्लूटूथवर बोलतो एवढंच. म्हणजे अशा टीव्हीला बटण शिकवून नव्हे, तयार कोड घालून वश करायचं.

नवा रिमोट घ्यायलाच हवा असंही नाही. लोकल केबलच्या आणि फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्सच्या रिमोटवर एका चौकटीत चार-पाच वेगळी बटणं असतात: टीव्ही पॉवर, आवाज कमी, आवाज जास्त, टीव्ही-एव्ही आणि सेट. ही बटणं कोरी पाटी असतात आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षं कोरीच राहतात. सेट तीन-चार सेकंद दाबून धरा, लाल दिवा ठळक झाला की सोडा. जे बटण शिकवायचं ते दाबा, दिवा लुकलुकायला लागेल. मग दुसरा रिमोट तोंडासमोर तोंड करून धरा आणि त्याचं बटण दाबा. दिवा भराभर लुकलुकून स्थिर झाला की शिकलं. पुढचं बटण घ्या. सगळी झाली की सेट पुन्हा एकदा दाबा. हा शेवटचा सेट विसरला तर काही रिमोट सगळं शिकलेलं विसरतात आणि मग ‘रिमोट बाद आहे’ असं खापर दुकानदारावर फुटतं.

इथे डोकं चालवायची जागा एकच. आवाजाच्या बटणांवर टीव्हीचा नव्हे, होम थिएटरचा आवाज शिकवा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे स्वतःचे स्पीकर बंद करा. चॅनेल बॉक्सचे, पॉवर टीव्हीचा, आवाज अँप्लिफायरचा, आणि हातात रिमोट एकच. निम्म्या घरांचं काम इथेच संपतं.

ज्यांचं इथे भागत नाही त्यांनी खरा युनिव्हर्सल रिमोट घ्यावा. बाजारात दोन जाती आहेत: कोडवाला आणि शिकणारा. दोन्ही करणारा मिळाला तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. होम थिएटरवाल्यांचा एकेकाळचा लाडका लॉजिटेक हार्मनी आता विसरा. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीनं ते रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. जुना कुणी विकत असेल तर बॅटरी आणि चार्जिंगचे पाय आधी तपासा.

कोडवाल्यात आधी ज्याला बसवायचं ते यंत्र हातानं चालू करा. मग यंत्राचं बटण, म्हणजे टीव्ही किंवा ऑडिओ, आणि सेट दोन्ही एकत्र दिवा लागेपर्यंत धरायचे. कागदावरचा तीन-चार आकडी कोड टाकायचा. दिवा विझला किंवा दोनदा लुकलुकला की कोड स्वीकारला. कोणती बटणं किती वेळ धरायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा तो घडीचा कागद फेकू नका. यादीत एकाच कंपनीपुढे दहा-पंधरा कोड असतात, आणि चूक होते ती इथे: पॉवर चालला की लोक खूश होऊन थांबतात. पॉवर चालणं ही परीक्षा नव्हे. मेनू, इनपुट, म्यूट, बाण आणि आकडे दाबून बघा. पॉवर आणि आवाज चालतो पण मेनू नाही, असं झालं तर तो कोड बहुधा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा आहे. पुढचा घ्या.

टीव्हीचं नाव यादीत नसेल तर? स्वस्तातल्या एलईडी टीव्हींत पाटी एकाची आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा असतो, आणि कोड पाटीचा नसतो, बोर्डाचा असतो. म्हणून अनोळखी नावाचा सेट भलत्याच कंपनीच्या कोडवर चालू होतो. अशा वेळी ऑटो सर्च लावा: टीव्ही चालू, सर्च सुरू, रिमोट एकापाठोपाठ एक पॉवरचे कोड सोडत जातो. टीव्ही बंद झाला त्या क्षणी बटण दाबून कोड धरायचा असतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर रिमोट पुढच्या कोडवर गेलेला असतो. आवाज कमीच्या बटणानं एकेक पायरी मागे येता येतं का ते कागदावर बघा, काही रिमोटवर येतं. सर्च चालू असताना अँप्लिफायरचा प्लग काढून ठेवा, नाहीतर त्याचाही कोड मध्येच लागतो आणि कोण कशानं बंद झालं ते कळत नाही.

आता शिकवण्याबद्दल, कारण खरी मारामारी तिथे आहे.

रिमोटमधला दिवा नुसता चालू-बंद होत नाही. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा फडफडतो आणि या फडफडीच्या लहान-मोठ्या तुकड्यांतून निरोप जातो. सोनीची फडफड ४० हजारांची, फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीची ३६ हजारांची. शिकणारा रिमोट समोरच्या फडफडीची हुबेहूब नक्कल साठवतो, अर्थ त्याला कळत नाही. पोपटासारखं. त्यामुळे ऐकताना खोलीत गोंगाट असला तर तोही साठवला जातो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूबलाइट आणि सीएफएल हे मोठे गोंगाटी, कारण त्यांचा चोक सेकंदाला हजारो वेळा, याच टापूत काम करतो. खिडकीतून येणारं ऊनही तसंच. शिकवताना दिवे बंद, पडदा ओढलेला.

दोन्ही रिमोट टेबलावर आडवे, तोंडाला तोंड, मध्ये दोन ते पाच सेंटिमीटर अंतर. चिकटवू नका. फार जवळून प्रकाश इतका जोरात पडतो की घेणाऱ्याला फडफड वेगळी दिसत नाही. एक रिमोट जाड आणि दुसरा पातळ असेल तर पातळाखाली वहीची दहा-वीस पानं सारा, म्हणजे दोघांचे दिवे एका पातळीत येतात. काही रिमोटमध्ये घेणारा डोळा पाठवणाऱ्या दिव्याच्या बाजूला, मधोमध नव्हे तर कडेला असतो. शिकत नसेल तर रिमोट दोन-चार मिलिमीटर डावी-उजवीकडे सरकवून बघा. शिकवणाऱ्या रिमोटमध्ये नवे सेल घाला. त्याला पुन्हा वापरायचं नाही म्हणून जुनेच ठेवायचे, ही काटकसर महागात पडते.

बटण किती वेळ दाबायचं यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. एनईसी नावाची पद्धत स्वस्त यंत्रांत सर्रास दिसते. तिच्यात बटण दाबल्यावर आधी नऊ मिलिसेकंदांची लांब आरोळी, मग साडेचार मिलिसेकंद गप्प, मग ३२ अंशांचा (बिटांचा) निरोप: यंत्राचा पत्ता, तोच पत्ता उलटा, हुकूम, तोच हुकूम उलटा. उलटा कशाला, तर वाटेत काही बिघडलं तर घेणाऱ्याला ताडून बघता यावं. पण बटण दाबून धरलं की हा निरोप पुन्हा जात नाही. दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास नुसता ‘तेच चालू आहे’ असा एक आखूड इशारा जातो. शिकणाऱ्यानं उशिरा कान दिला तर तो इशाराच शिकून बसतो. दिवा म्हणतो शिकलं, अँप्लिफायर ढिम्म. उपाय साधा: शिकणारा तयार झाल्यावर मूळ बटण एकदाच, अर्धा सेकंद, टिचकीसारखं दाबा. सोनीचं उलट आहे. तिथे तोच निरोप किमान तीनदा यावा लागतो, म्हणून सोनीचं बटण सेकंदभर धरा.

आणखी एक रोग आहे, तो ओळखायला सोपा: शिकवलेलं बटण एकदा चालतं, लगेच पुन्हा दाबलं तर चालत नाही, मध्ये दुसरं बटण दाबलं की परत एकदा चालतं. ही आरसी-५ किंवा आरसी-६ पद्धत. तिच्यात प्रत्येक नव्या दाबाला एक अंश शून्याचा एक आणि एकाचा शून्य होतो, म्हणजे यंत्राला ‘धरून ठेवलंय’ आणि ‘पुन्हा दाबलंय’ यातला फरक कळतो. नक्कल केलेल्या बटणात तो अंश गोठलेला असतो. पुन्हा पुन्हा शिकवून हे जात नाही. अशा यंत्राला तयार कोडच शोधा, कारण कोडवाला रिमोट तो अंश स्वतः बदलतो.

कोल्हापुरात असेंबल्ड अँप्लिफायरचा नाद मोठा. पाच-पॉइंट-एकचं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिमोट किट, पुढे यूएसबी-ब्लूटूथचं पॅनेल आणि सोबत २१ बटणांचा चपटा रिमोट, त्यात नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल. याचा कोड कुठल्याही यादीत नावानिशी नसतो, शिकवणं हाच मार्ग. हे रिमोट बहुतेक एनईसीवाले आणि त्यांचा पत्ता बहुतेक एकच, शून्य. इथे गंमत होते. गौरी-गणपतीच्या आराशीला लावलेल्या रंगीत एलईडी पट्टीचा ४४ बटणांचा रिमोटही अनेकदा याच पत्त्यावर बोलतो. २१ बटणांच्या रिमोटवरचं ‘पुढचं गाणं’ आणि ४४ बटणांच्या रिमोटवरचं पॉवर यांचा हुकूमही पुष्कळदा तंतोतंत एक निघतो. आरतीनंतर पुढचं गाणं लावलं की मखरातले दिवे विझतात, पुन्हा दाबलं की लागतात. रिमोट बिघडलेला नसतो, पट्टीचा कंट्रोलर आपल्याला हाक मारली समजून ओ देतो. पट्टीच्या कंट्रोलरला जो काळा डोळा वायरीनं लोंबत असतो, त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन-तीन पदर गुंडाळा. दिवे लावायचे तेव्हा टेप काढा, किंवा सरळ प्लगनं चालवा.

तर आता पॉवर. एका बटणात सगळं चालू व्हावं म्हणून मॅक्रो लावतात: टीव्ही पॉवर, अँप्लिफायर पॉवर, बॉक्स पॉवर, मग इनपुट. पहिल्या दिवशी नाद खुळा. दुसऱ्या दिवशी टीव्ही चालू झाला की अँप्लिफायर बंद होतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या उलट. कारण बहुतेक रिमोटवरचं पॉवर बटण ‘चालू हो’ असं म्हणत नाही, ‘आहेस त्याच्या उलट हो’ असं म्हणतं. तिघांपैकी एक जरी आधीच चालू असला, तर तो त्या हुकुमानं बंद होतो आणि साखळी बिघडते. आणि एक चालू असायला कोल्हापुरात कारण लागत नाही. पावसाळ्यात लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, की बरेच सेटटॉप बॉक्स आपोआप चालू होऊन बसतात, टीव्ही स्टँडबायला राहतो.

यावर खरा इलाज म्हणजे चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड. यामाहा, डेनॉन, ऑन्क्यो यांच्या एव्ही रिसिव्हरना (टीव्ही, बॉक्स सगळं एकत्र जोडणाऱ्या अँप्लिफायरना) असे वेगळे कोड असतात. सोबतच्या रिमोटवर त्यांची बटणं नसली तरी यंत्र ते ओळखतं. युनिव्हर्सल रिमोटच्या कोडमध्ये ‘पॉवर ऑन’ आणि ‘पॉवर ऑफ’ निराळे दिसले तर मॅक्रोत तेच घाला. नसतील तर आडवाटा आहेत. पुष्कळ टीव्ही स्टँडबायमध्ये असताना आकड्याच्या किंवा चॅनेलच्या बटणानं जागे होतात, आणि चालू असताना त्याच बटणानं फारसं बिघडत नाही. म्हणजे तेच तुमचं ‘चालू हो’. कित्येक अँप्लिफायर इनपुटच्या बटणानं जागे होतात, यामाहाचे सीन बटणानं. एकेक करून पाहा, कागदावर लिहा. मग बंद करण्यासाठी: आधी हे जागं करणारं बटण, सहा-सात सेकंद थांबा, मग साधं पॉवर. यंत्र आधी चालू असो वा बंद, शेवटी ते बंदच होणार. बऱ्याच प्रोजेक्टरना बंदसाठी पॉवर दोनदा द्यावा लागतो, मध्ये सेकंदभराचा विसावा. पहिल्या दाबाला असा प्रोजेक्टर पडद्यावर ‘खात्री आहे का’ विचारतो.

मॅक्रोतला विसावा कंजूषपणे देऊ नका. रिसिव्हर जागा होताना तीन ते सहा सेकंद कुणाचं ऐकत नाही. पॉवरमागोमाग इनपुट पाठवलं तर ते हवेत जातं आणि मग चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा. आधी सगळ्यांचे पॉवर, मग सहा-सात सेकंद, मग अँप्लिफायरचं इनपुट, सर्वांत शेवटी टीव्हीचं. मुख्य स्विच बंद करून रोज रात्री झोपणाऱ्यांच्या घरी मात्र मॅक्रो चालणार नाही. अँड्रॉइड टीव्ही गार अवस्थेतून उठायला अर्धा मिनिट सहज घेतो, आणि तोवर रिमोटचे सगळे निरोप संपलेले असतात.

मॅक्रोचा दुसरा शत्रू आपणच घरात आणलेला असतो, एचडीएमआय-सीईसी. एचडीएमआय केबलच्या १३ नंबरच्या पिनवरून यंत्रं एकमेकांशी बोलतात. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, फिलिप्स ईझीलिंक. टीव्ही चालू झाला की सीईसी अँप्लिफायरला उठवतं. आणि दोन सेकंदांनी मॅक्रोतला अँप्लिफायरचा पॉवर येऊन त्याला पुन्हा झोपवतो. तासन् तास रिमोटला शिव्या देण्यापेक्षा एक काहीतरी निवडा. आमचं मत सांगायचं तर, सीईसी नीट चालत असेल तर मॅक्रोतून अँप्लिफायरचा पॉवर काढून टाका. यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असून सीईसी लहरी वागत असेल, तर ते बंद करून मॅक्रोवर भिस्त ठेवा. एक सावधगिरी: काही टीव्हींत सीईसी बंद केलं की एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलनं अँप्लिफायरला पाठवायची सोय) हेसुद्धा बंद पडतं, आणि टीव्हीचा आवाज अँप्लिफायरला जातच नाही. मग ऑप्टिकल केबल टाकावी लागते.

फायर टीव्ही स्टिकचं ब्लूटूथचं कोडंही सीईसीच सोडवतं. स्टिकच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले अँड साउंड्समध्ये जाऊन एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल चालू करा, टीव्हीतलंही चालू करा. आता युनिव्हर्सल रिमोट टीव्हीच्या कोडवर असताना बाण दाबले की टीव्ही ते केबलमधून स्टिकला पोचवतो. ओके आणि बॅकही चालतात. बोलून शोधायचं असेल तर मूळ रिमोटच लागेल. पोचत नसेल तर आधी केबल बदलून बघा, अगदी स्वस्तातल्या काही केबलीत १३ नंबरची तार जोडलेलीच नसते.

अँप्लिफायर शोकेसच्या सनमायकाच्या दाराआड असेल तर कुठलाच रिमोट चालणार नाही. काचेच्या दारातून चालतो. साउंडबार टीव्हीच्या डोळ्यासमोर ठेवला तरी हाच घोळ, तो दोन इंच पुढे-खाली सरकवा. दार उघडं ठेवणं नको असेल तर आयआर (इन्फ्रारेड) एक्स्टेंडर लावा: एक डोळा बाहेर, दुसऱ्या टोकाचा बारीक दिवा अँप्लिफायरच्या डोळ्यावर चिकटवलेला. डोळा नेमका कुठे आहे ते टॉर्च मारून काळ्या पट्टीत शोधावं लागतं, अदमासे चिकटवू नका. वाय-फायवर चालणारे ब्लास्टरही मिळतात, म्हणजे मोबाइलचा हुकूम घेऊन तो इन्फ्रारेडनं सोडणारे डबे. ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात. राउटरनं दोन्ही बँडला एकच नाव दिलं असेल तर जोडणी अडू शकते, तेवढ्यापुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. आणि इंटरनेट गेल्यावर ते चालतं का, हे पाहुणे मॅचला येण्याआधी तपासलेलं बरं.

सेलबद्दल थोडं. बरेच स्वस्त रिमोट सेल काढल्यावर काही मिनिटांत सगळं विसरतात, तेव्हा नवे सेल हाताशी ठेवूनच जुने काढा. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी दमट की सेलच्या स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशीगत पुटी चढते. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडं. बटणं अडखळत असतील तर रिमोट उघडून रबराखालचे काळे कार्बनचे ठिपके त्याच अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसा. घासू नका, ठिपका निघून आला की बटण गेलं.

लागलेला कोड आणि मॅक्रोचा क्रम चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवा. मूळ रिमोट मात्र फेकू नका. स्पीकरचं अंतर, सबवूफरची पातळी, भाषा ही वर्षातून एकदा लागणारी बटणं कुणी शिकवत बसत नाही. त्यांचे सेल काढा, अँप्लिफायरचा आणि टीव्हीचा वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर नाव घालून कपाटात टाका.